दोराला अहो-जाहो चालत नाही

मुलुंडच्या त्या सोसायटीतलं जांभळाचं झाड छाटायचं काम भीमराजला मिळालं, तेव्हा त्यात वावगं वाटावं असं काहीच नव्हतं. सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली होती. माणसं भाड्याच्या घरांत पांगली, खिडक्यांच्या चौकटी भंगारवाल्यानं नेल्या, आणि मागे उरल्या भोकं पडलेल्या इमारती. झाड मात्र राखायचं होतं. कुंपणाच्या पत्र्यांना आड येणाऱ्या फांद्या तेवढ्या उतरवायच्या, पावसाआधी. परवानगी आलेली, झाड ओळखीच्या जातीचं. भांडुपपासून बोरिवलीपर्यंत अशी कामं भीमराजनं किती केली असतील, त्याची मोजदाद त्यानंही ठेवली नव्हती.

भीमराज ना कुणाचा नोकर, ना कुणाचा ठेकेदार. करवत, कोयते, कमरेचा पट्टा, नायलॉनचा जाड दोर आणि एक चेनसॉ, हा त्याचा धंद्याचा संसार एका गोणपाटात मावायचा. चेनसॉला तो मशीन म्हणायचा आणि ती जमिनीवरच चालवायचा. वर हातकरवत. मशीन लावली की माणूस बहिरा होतो, आणि झाडावर बहिऱ्याचं काम नाही, असं त्याचं म्हणणं. ते खोटं नव्हतं. पानांच्या गर्दीत वरच्याला खालचं काही दिसत नाही. फांदीला दोर बांधायचा, तो वरच्या बेचक्यातून खाली सोडायचा, आणि खालच्यानं बुंध्याला वेढे देऊन तो धरायचा. वरचा विचारणार, "धरलं?" खालचा सांगणार, "धरलं. सोड." मग करवतीचा शेवटचा हात. सगळं आटोपलं की त्याच दोरावर वरच्यानं स्वतः उतरायचं. "येऊ?" "ये." "आलो." वरचा 'आलो' म्हणाला म्हणजे त्यानं आपला जीव खालच्याच्या हाती दिला. त्यानंतर फांदी धरून राहायचं नाही.

वीस वर्षं तो दोर मालननं धरला. मालन म्हणजे त्याची बायको, जालन्याकडची. घरात तिचं सगळं अहो-जाहो. अहो, जेवता का. अहो, ऐकलं का. पण दोर हातात आला की पदर खोचायची आणि सरळ अरे-तुरेवर यायची. सोड. थांब. ये. पहिल्या वेळी भीमराज उतरून फुरंगटून बसला.

"चार माणसांत नवऱ्याला 'ये' म्हणतीस?"

मालन मिश्री लावलेले काळे दात दाखवून हसली. "'अहो, उतरता का' म्हणेस्तोवर फांदी डोक्यात पडंल. दोराला अहो-जाहो चालत नाही."

पुढे तो 'ये' त्याला आवडायला लागला. बायकोनं दिवसातून एकदा 'तू' म्हणावं, तेही झाडाखालून, यात काय गोडी असते ती ज्याची त्याला कळते. कधीकधी काम संपलं तरी तो उगाच वर रेंगाळायचा, तिनं दुसऱ्यांदा म्हणावं म्हणून.

मागच्या पावसाळ्यात साध्या तापाचं निमित्त होऊन मालन गेली. भांडुपच्या खोलीत भीमराज आणि मुलगी दीप्ती उरली. दीप्ती घाटकोपरला एका लॅबमध्ये कामाला होती. आई गेल्यावर तिनं बापाकडून एकच गोष्ट कबूल करून घेतली. "पप्पा, खाली माणूस नसेल तर चढायचं नाही. मला तुम्ही एकटेच आहात." भीमराजनं मान हलवली. तो एकटा होता हे कुणी मोठ्यानं म्हटलं नव्हतं; ते मात्र त्याला रोज संध्याकाळी कुलूप उघडताना कळायचं.

आणि त्या दिवशी नाक्यावर ठरवलेला माणूस आलाच नाही.

"मी धरतंय मा," रखवालदार धाकू म्हणाला. कणकवलीकडचा साठीचा माणूस, गेटजवळ खुर्ची टाकून बसलेला. "माड चढलेलो माणूस मी. दोर माका नवो नाय."

दीप्तीचा शब्द मोडायला नको म्हणून भीमराजला हायसं वाटलं. आपली पिशवी त्यानं धाकूसमोर बुंध्याच्या खुंटीला अडकवली, मोबाइल तिच्यातच ठेवला आणि दुपार कलल्यावर तो वर गेला. खालच्या फांद्या ठीक उतरल्या. धाकू दोर जरा भसाभस सोडायचा, पण सोडायचा. भीमराज आणखी वर सरकला. तिथं पानं इतकी दाट होती की जमीन दिसेनाशी झाली. पिकत आलेल्या जांभळांचा तुरट वास, समोर रिकाम्या खिडक्या, आणि कुठल्यातरी मजल्यावर विसरलेलं एक दार हलकेच आपटत होतं.

तो मोठी फांदी अर्धी कापून झाला होता, तेवढ्यात खालून धाकूचा आवाज आला. "पाण्याचो टँकर इलो हा. गेट उघडून येतंय..."

"थांबा की जरा!"

चपला फटक फटक करत दूर गेल्या.

जांभळाचं लाकूड दगाबाज. अर्धवट कापलेली फांदी मग कुणाचं ऐकत नाही. ती कुरकुरायला लागली, तिची चीर डोळ्यांदेखत वाढत होती, आणि ती सुटली असती तर भीमराज बसला होता तीच जागा झोडपत गेली असती. तो घाबरला. आणि घाबरलेल्या माणसाच्या तोंडून सवयीचंच निघतं.

"धरलं?" तो ओरडला.

"धरलं. सोड."

त्यानं करवत ओढली. फांदी सुटली, हिसका न देता तरंगल्यासारखी खाली गेली आणि जमिनीला नुसती टेकली. पानंसुद्धा वाजली नाहीत.

भीमराजचा हात करवतीवर तसाच राहिला. अशी फांदी उतरवणारं माणूस त्याच्या पाहण्यात एकच होतं.

त्यानं वाकून पाहिलं. पानांशिवाय काही दिसेना. पण दोर ताठ होता, बुंध्याच्या बाजूला ओढलेला. आणि खालून वास आला. भाजलेल्या तंबाखूचा, मिश्रीचा.

शहाणा माणूस असता तर त्यानं तिथंच बोंब मारली असती. भीमराज शहाणाच होता, पण वर्षभर त्याला त्या आवाजात कुणी 'सोड' म्हणालं नव्हतं. त्यानं घसा साफ केला. पुढच्या फांदीला दोर बांधला आणि अगदी हळू, कुणी ऐकेल न ऐकेल अशा बेतानं विचारलं,

"धरलं?"

"धरलं. सोड."

मग ती दुपार कशी सरली ते त्याचं त्याला कळलं नाही. फांदीमागून फांदी उतरत गेली. त्यानं ती कोण म्हणून विचारलं नाही. विचारलं तर ती जाईल, ही भीती त्याला भुताच्या भीतीहून मोठी होती. एकदा तर तो चक्क गुणगुणला. ठरलेल्या फांद्या संपल्या तेव्हा त्याला वाईट वाटलं. त्यानं नको होती तीही एक डहाळी कापली, केवळ एक 'सोड' जास्त मिळावा म्हणून.

उन्हं समोरच्या इमारतीमागे गेली. पाखरं झाडावर यायची वेळ झाली, पण या झाडावर एकही आलं नाही. घामाचा पाठीवर गारवा व्हायला लागला. भीमराजनं दोर कमरेच्या पट्ट्याला बांधला.

"येऊ?"

"थांब."

तो थांबला. मालन थांब म्हणायची तेव्हा कारणही सांगायची. थांब, पोरं आलीत. थांब, गाडी लागलीय. कारण सांगितल्याशिवाय माणसाला टांगून ठेवू नये, हा तिचा नेम होता.

कारण आलं नाही.

"काय झालं गं?"

"थांब..."

या वेळी आवाज जरा जवळून आला. बुंध्याच्या मध्यावरून आल्यासारखा. भीमराजनं खोडाला मिठी घातली. कमरेचा दोर सैल पडला होता. खालून कुणी धरलाय असं आता वाटत नव्हतं. मिश्रीचा वास मात्र वाढला. आणि सालीवर काहीतरी घासत होतं, थांबून थांबून... सवय नसलेलं कुणी चढत असावं तसं. मालन आयुष्यात कधी झाडावर चढली नव्हती.

त्यानं डोळे मिटले. काहीतरी त्याच्या कोपराला चाटून गेलं, लुगड्याच्या ओल्या काठासारखं, आणि घासण्याचा आवाज त्याच्या डोक्यावर गेला. मग सगळं शांत झालं. ते हलणारं दारसुद्धा.

"ओ भाऊ!" खाली बॅटरीचा उजेड हलला. धाकू परत आला होता. "टँकरान वाट लावली. पायप फुटलो, आता सुटलंय. तुमचा झाला काय?"

भीमराजनं डोळे उघडले. "धाकूभाऊ... दोर धरा. मला उतरवा."

"धरतंय. पण ती बाई खंय गेली?"

"कोण बाई?"

"दोर धरून उभी हुती ती. गेटवरसून दिसत हुती मा. म्हटलंय, तुमची मंडळी इली आसतली." धाकूनं बॅटरी वर मारली. पानांतून उजेडाचे तुकडे भीमराजच्या हातांवर पडले. "आताच झाडावर चढताना बघलंय. वरच आसा ना तुमच्याकडे?"

भीमराजनं मान वर केली नाही.

खाली पिशवीतला मोबाइल वाजायला लागला. दीप्तीनं स्वतःसाठी ठेवलेली ती वेगळी ट्यून, अंधार पडला की वाजणारी. लेक लॅबमधून सुटली होती. घरी येऊन कुलूप बघेल.

"फोन वाजता तुमचो," धाकू म्हणाला. "उतरा बघू. मी दोर धरलंय." आणि मग वेगळ्याच आवाजात, "अरे... दोर वर कोण ओढता?"

कमरेचा दोर सळसळत वर चालला होता. ढील संपली. पट्टा भीमराजच्या पोटाशी आवळला, अलगद, हिसका न देता.

तो खोडाला घट्ट धरून होता. बोटं सालीत रुतली होती. खाली दीप्तीची ट्यून वाजत होती आणि वर, जिथं त्याचं वजन पेलेल अशी एकही फांदी नव्हती, तिथून अगदी लाडानं हाक आली,

"ये."

वीस वर्षांत त्या शब्दाला एकच उत्तर ठरलेलं होतं. तोंड मिटून घ्यायला क्षणभराचा अवकाश होता. ते मिटता आलं असतं की नाही, आणि त्याला मिटायचं होतं की नाही, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

खाली उभ्या असलेल्या धाकूनं भीमराजचा आवाज स्पष्ट ऐकला. थकलेल्या माणसाचा, घरी निघालेल्या माणसाचा.

"आलो."