चालता ओक

“साहेब, माझा ओक, अख्खं झाड, चालत गेलं!”

विधवा विनिफ्रेड लकेट दारातूनच ओरडली. खासगी तपास करणारे टन्स्टल लगेच बूट चढवू लागले. त्यांचे मित्र डॉक्टर पिंकर्ड हसणार होते, पण बाईंचा चेहरा पाहून त्यांनी टोपी उचलली.

तिचा खटला साऱ्या व्हर्जिनियाला ठाऊक होता. रिचमंडच्या कोर्टाने जमीन शेजारच्या कुथबर्ट यान्सीला दिली, वॉशिंग्टनच्या कोर्टाने अपिलात ती विनिफ्रेडला दिली. ‘आमच्यावर अपील ऐकणारे हे कोण?’ म्हणून रिचमंडवाले अजून धुसफुसत होते. निकालात हद्द होती खुणेच्या ओकाच्या झाडापर्यंत. उद्या कोर्टाचा अंमलदार, मार्शल, ताबा द्यायला येणार, आणि बहिणीच्या दफनाला परगावी जाऊन ती परतली तर झऱ्यापलीकडचा ओक अलीकडे उभा!

“झरा गेला तर गुरांना काय पाजू? मी राहू कुठे?”

रानात धुकं होतं. जुन्या जागी झाड नव्हतं, खुंटही नव्हता. नुसती पानं, आणि त्यांतून निघणारी वाफ. डॉक्टरांनी हात टेकला आणि झटकन काढला.

“टन्स्टल, जमीन तापलीय. तापकऱ्याच्या कपाळासारखी!”

खालून बारीक कण्हल्यासारखा आवाज आला. म्हातारा गुराखी टीग लांबच उभा राहिला.

“या जमिनीचा जुना मालक, तो मेलेला लॉर्ड, हद्दी बदलतोय, साहेब. रोज कण्हतो.”

“टीगकाका, ओकावरची खूण आठवते?” टन्स्टलनी विचारलं.

“विसरतोय कसा! हद्दीची फेरी निघाली की पोरांची कपाळं खुणेवर आपटायचे, जन्मभर लक्षात राहावी म्हणून.” त्याने कपाळावरचा वण दाखवला. “यान्सीचंही आपटलंय.”

यान्सी अलीकडच्या ओकाला टेकून उभाच होता. खुणेवर शेवाळ होतं.

“जुनी दिसते,” डॉक्टर म्हणाले.

“जुनीच! पोरपणी कपाळ इथंच फुटलं. अन् बघा, आजही कपाळालाच लागते. मी वाढलो, झाडही वाढलं.”

“शपथेवर सांगाल?”

“हजारदा!”

“मग फसलात,” टन्स्टल म्हणाले. “झाड शेंड्याने वाढतं, यान्सी. बुंध्यावरची खूण वर चढत नाही. पोराच्या कपाळाची खूण आज तुमच्या पोटाशी हवी होती. ही तुम्ही आपल्या उंचीला कोरलीत, वर शेवाळ चोळलंत.”

“आणि जुना ओक?” डॉक्टरांनी विचारलं.

“बाई नव्हत्या तेव्हा तोडला, ओंडके ओढून नेले, खुंट जाळला. पण मुळं अजून आत धुमसताहेत. टीगकाका, लॉर्ड नाही, ओली मुळं चरचरताहेत.”

टीगने भीतभीत कुदळ मारली. मातीखाली लाल निखारा उघडा पडला. यान्सीचा चेहरा उतरला.

“रिचमंड हे मानणार नाही!” तो पुटपुटला.

डॉक्टरांनी झऱ्यावरून बादली भरून आणली. विनिफ्रेडने त्यांचा हात धरला.

“विझवू नका, डॉक्टर. उद्या मार्शलला हात लावून बघू दे.”

मग ती त्या गरम मातीशेजारी शाल ओढून बसली, आणि उठायला तयार होईना.