उभ्या गाडीची झीज

टायरचं वय बघायचं असलं तर नक्षी बघू नका, बाजू बघा. तिथं चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. १४२२ म्हणजे बावीस सालचा चौदावा आठवडा. एवढं सोपं आहे, पण माझ्या दुकानात येणारं गिऱ्हाईक ते बघत नाही, ते माझ्या तोंडाकडं बघतं. मी तोंड वाकडं केलं की टायर गेलं, मान डोलावली की टायर बरं. जिंतूरहून येलदरीला जाणाऱ्या रस्त्यावर वीस वर्षं माझं दुकान आहे आणि माझं घर ह्या मान डोलावण्यावरच चाललंय. त्यात लाजायचं काय, असं मला तेव्हा वाटायचं.

बावीसच्या डिसेंबरात तात्याराव सर दुकानावर आले. जीपच्या मागं त्यांची घरगाडी जोडलेली. सर येलदरीच्या शाळेत गणित शिकवायचे आणि त्यांच्या मिसेस, सत्यशीलाबाई, पहिलीचा वर्ग घ्यायच्या. मी दोघांच्याही हाताखालून गेलेला. दोघं रिटायर झाल्यावर परभणीच्या एका वेल्डिंगवाल्याकडून त्यांनी ही गाडी करून घेतली होती. दोन चाकं, वर पत्र्याची खोली, आत दिवाण, शेगडी, भांड्यांची फळी आणि खिडकीला बाईंनी शिवलेले पडदे. दोन दिवसांनी निघायचं होतं. आधी सांची, मग सारनाथ, मग बोधगया. बाईंनी मुक्कामाच्या गावांची यादी वहीत लिहिली होती, ती मला उभ्या उभ्या वाचून दाखवली.

"मुंजाजी, जलमभर आमी येलदरी ते जिंतूरच केलं," बाई म्हणाल्या. "आता लांब जायचंय. टायरं तेवढी बघून दे बाबा."

मी खाली बसून बघितलं. १४२२. आठ महिन्यांची टायरं. नक्षीतले कारखान्यातले रबराचे बारीक केससुद्धा अजून झडले नव्हते. पण माझ्याकडं दहा दिवसांनी आठ प्लायचा, म्हणजे आठ थरांचा, नवा माल यायचा होता आणि त्यातली एक जोडी खपली असती. तेवढंच कारण. दुसरं काहीच नव्हतं. मी नखानं बाजू खरवडली आणि तोंड वाकडं केलं.

"सर, जुना माल दिला तुम्हाला. चिरा धरल्यात. इथल्या इथं ठीक हाय, लांब नका नेऊ. दहा दिवस थांबा."

बाईंनी टायरवरून हात फिरवला. "मला तर कोरीच दिसायलीत रे," त्या म्हणाल्या. सर माझ्याकडं बघत होते. मग त्यांनी जीप वळवली आणि दोघं परत गेले.

नवव्या दिवशी बाई घरगाडीतच चादरी घडी करता करता पडल्या. डोक्यातली नस फुटली म्हणे. परभणीला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. माझा माल अकराव्या दिवशी आला.

मी भेटायला गेलो, भिंतीला टेकून बसलो आणि उठून आलो. फेब्रुवारीत सरांचा फोन आला, "टायर बदलायचं ठरलं होतं, तर बदलून टाक." मी जाऊन नवी जोडी बसवली. काढलेली जोडी वालूरच्या एका मंडपवाल्याला दिली. त्यानं ती दोन लग्नसराया ओझी वाहून रेमटवली, एक पंक्चर नाही. दर लग्नसराईत तो मला आवर्जून सांगायचा, मुंजाजी, काय टायरं दिलीस. मला ते ऐकवायचं नाही.

घरगाडी सरांच्या येलदरीच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली उभी राहिली. पुढच्या दांड्याला साखळी घालून सरांनी ती लिंबाच्या झाडाला कुलूप लावून बांधली. जीप विकून टाकली. आता ओढायलाच काही नव्हतं.

तेवीसच्या दिवाळीनंतर सरांनी मला बोलावलं. "टायर बघ जरा," एवढंच म्हणाले.

मी चाकाजवळ बसलो आणि बसूनच राहिलो. नक्षी गेलेली होती. उभ्या गाडीचं टायर खराब होतं, नाही असं नाही. उन्हानं तडकतं, जमिनीला टेकलेल्या जागी चपटं होतं. पण घासत नाही. घासायला रस्ता लागतो. हे टायर चाळीस हजार किलोमीटर धावल्यासारखं सगळीकडून सारखं घासलं होतं. आणि चाकाच्या दोन्ही बाजूंनी गुडघाभर गवत उभं होतं. चाकाच्या भोकांतून वेल वर चढली होती, तिला बारकी पिवळी फुलं आली होती. दांड्याची कडी गंजून पार घट्ट झालेली. साखळीवर कोळ्याचं जाळं.

"कुणी नेतं का हो गाडी?" मी विचारलं.

"मी दिवसभर इथंच असतो. कोण नेणार?" सर म्हणाले. त्यांच्या आवाजात भीती नव्हती. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "लांबच्या प्रवासाला टिकाऊ कुठलं राहील, मुंजाजी? महाग असलं तरी चालंल."

मी त्यांना सांगायला लागलो, सवयीनंच. प्लाय किती घ्यावा, ट्यूबलेस का नको, हवा किती ठेवावी. सर पूर्वी मुलांची उत्तरं ऐकायचे तसं मान खाली घालून ऐकत होते. मी उभ्या गाडीला टायर निवडून देत होतो आणि आम्ही दोघंही ते बोलून दाखवत नव्हतो. दुसरी जोडी बसवली. गवत कापल्याशिवाय जॅक लागेना.

दुकानावर मला एक गोष्ट त्या सुमाराला जाणवायला लागली होती. दुपारी दोन-तीनच्या आसपास रस्ता रिकामा असतो. दुकानापुढं चाकाखाली खडी कर्रर वाजावी तसा आवाज यायचा. गिऱ्हाईक आलं म्हणून मी वर बघायचो. कुणी नसायचं. रोज नाही म्हणता म्हणता रोज व्हायला लागलं. मी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, कान तपासून घ्या. मी खरंच परभणीला जाऊन तपासून आलो. कान चांगले होते.

दुसरी जोडी सहा महिन्यांत संपली.

ह्या वेळी सरांनी खुर्ची शेडमध्येच आणून ठेवली होती. मी चाक काढत असताना ते आपणहून बोलायला लागले.

"मी आत बसून बघितलं रे. दिवसच्या दिवस बसलो. डबा घेऊन बसलो. मी असलो की हलत न्हाई." मग म्हणाले, "राग असंल तिला. तुझ्याकडून घरी आलो त्या दिवशी ती म्हणाली, टायरं चांगली हायेत, चला, निघू. मी म्हणालो, अडाण्यासारखं बोलू नको, मुंजाजीला कळतं का तुला? नऊ दिवस आमचं धड बोलणं न्हाई झालं. मग झालंच." त्यांनी चष्मा पुसला. "आता फिरायलीय म्हणायचं. बरंय. माझ्यामुळं राहिलं होतं तिचं."

तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. मान खाली घालून मी टायरच्या उरल्यासुरल्या खाचेत अडकलेले खडे स्क्रू ड्रायव्हरनं काढायला लागलो, उगीच हाताला काम म्हणून.

"बघ बरं, कुठली माती असंल," सर वाकून म्हणाले. "गंगेकाठची असंल का?"

खडे तळहातावर घेऊन मी बघितले. फरशीचे तुकडे होते. पांढरे, आणि एका बाजूला हिरवा रंग लावलेले. तहसीलच्या जुन्या इमारतीची फरशी निघाली तेव्हा मी दोन ट्रॉली भरून चुरा आणला होता आणि चिखल होऊ नये म्हणून माझ्या दुकानापुढं पसरला होता. तसला चुरा अख्ख्या जिंतुरात दुसरीकडं कुठं नाही. दोन्ही टायरांत तोच होता. दुसरं काहीही नव्हतं. ना वाळू, ना लाल माती, ना गंगा.

येलदरी ते माझं दुकान पंधरा किलोमीटर, जाऊन-येऊन तीस. चाळीस हजाराला तिसानं भागायला सरांनीच मला शिकवलं होतं. दिवसाच्या पाच खेपा, पहिल्या जोडीला. दुसऱ्या जोडीला सात-आठ. बाई कुठंच गेल्या नव्हत्या. त्या माझ्याकडं येत होत्या.

"असंल सर," मी म्हणालो. "आपल्याकडची तर न्हाई ही."

सरांनी त्यातला एक खडा उचलून धोतराच्या टोकाला पुसला आणि सदऱ्याच्या खिशात जपून ठेवला. त्यांचा चेहरा इतका समाधानी मी बाई गेल्यापासून पाहिला नव्हता. मी तिसरी जोडी बसवली, नट आवळले आणि जेवायला न थांबता निघालो.

त्यानंतर दुकानातला आवाज मला सोसेना. मी दुपारचं शटर ओढून बघितलं, आवाज शटरपर्यंत यायला लागला. रेडिओ लावून बघितला. सगळं कळत असून मी सात महिने काढले. माणूस किती दिवस काढू शकतो, ह्याची मलाच कमाल वाटते.

गेल्या डिसेंबरात एका दुपारी चुरा वाजला आणि मी उठून बाहेर गेलो. ऊन पडलं होतं. रस्त्यावर एक कुत्रं झोपलेलं. समोर कुणी नव्हतं.

मी हात जोडले.

"बाई," मी म्हणालो, "टायरं चांगली होती. आठ महिन्यांची होती. मी खोटं बोललो. ठरल्या दिवशी निघायला पाहिजे होतं तुमी. जावा."

काही झालं नाही. कुत्र्यानं मान उचलून माझ्या डाव्या बाजूला बघितलं, परत खाली ठेवली.

मग चुरा एकदा वाजला. वळताना वाजतो तसा.

मला हलकं वाटलं. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी पोटभर जेवलो. बाईंना सांगून टाकलं, झालं. सरांना सांगायचं राहिलंय हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता सरांचा फोन आला.

"मुंजाजी, ये."

मी गेलो तेव्हा सर शेडमध्ये उभे होते. शेड रिकामी होती. साखळी लिंबाला बांधलेली, कुलूप लागलेलं, आणि साखळीचं गाडीकडचं टोक जमिनीवर पडलेलं, न तुटता, न उघडता.

माझी तिसरी जोडी रिमसकट भिंतीला टेकून उभी होती. हवा भरलेली. नट एका बशीत.

"गेली," सर म्हणाले. "मला न घेता गेली."

अंगणात रात्री दव पडलं होतं. माती मऊ होती. शेडपासून फाटकापर्यंत दोन चाकांचे ठसे उमटले होते आणि फाटकातून ते जिंतूरच्या उलट बाजूला वळले होते.

सर त्या ठशांजवळ हळूच बसले. भिंतीच्या टायरांकडं बघितलं. परत ठशांकडं बघितलं.

माझ्या टायरांची नक्षी सरळ रेघांची. हे ठसे तिरक्या रेघांचे होते. जीपनं ओढून आणली होती त्या दिवशीच्या टायरांचे. वालूरच्या मंडपवाल्यानं ती टायरं फाटेपर्यंत वापरून त्याआधीच्या उन्हाळ्यातच जाळून टाकली होती. आणि ठसा इतका खोल, इतका रेखीव, की रबराचा एकेक बारीक केस मातीत दिसत होता.

सरांनी खाचेत बोट घातलं. ते अर्धं बुडालं.

"कोरी होती की रे ही टायरं," ते म्हणाले.

मी म्हणालो, "हो सर."

ते बाजूला सरकले आणि मला शेजारी बसायला जागा केली.

"हात लावून बघ," ते म्हणाले.

मी हात लावला. थंडीनं बोटं काकडली होती, आजूबाजूच्या गवतावर दव तसंच होतं, आणि ठशातली माती कोमट होती.