उसंत कुणाची?

"एकही सुरकुती राहता कामा नये हं, अक्का," असं म्हणत भावजयीनं तो जाड काळा पडदा इस्त्रीच्या टेबलावर ठेवला, तसा अक्काच्या काळजाला चरका बसला… पण हात मात्र सवयीनं पुढं झाला. आयुष्यभर लोकांच्या कपड्यांच्या सुरकुत्या मोडल्या, त्यात एका पडद्याची काय ती भर!

भावजय उभ्या उभ्याच सांगत होती. अक्काच्या धाकट्या भावाच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, स्मरणार्थ शिष्यवृत्ती सुरू होतेय. जो निवडला जाईल त्याला एका नामांकित, म्हाताऱ्या मास्तरांकडे वर्षभर व्हायोलिन शिकायला मिळेल. परीक्षा तेच घेणार, पण पडद्याआडून. वाजवणारा कोण, कुणाचा कोण, काही कळायला नको. नुसता सूर ऐकायचा. निकालाच्या दिवशी अक्कानं घरचं माणूस म्हणून पुढच्या रांगेत बसावं, जरा बरे कपडे घालून यावं, फोटो निघतील. जाता जाता तिनं माहितीपत्रकही हातात दिलं. त्यावर धाकट्याचा हसरा चेहरा, आणि खाली ओळ होती : कुणाच्याही शिकवणीवाचून फुललेला स्वयंभू कलावंत.

स्वयंभू! अक्कानं तो शब्द वाचला आणि वाफ डोळ्यांत गेल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

आई गेली तेव्हा धाकटा जेमतेम बोबडं बोलत होता. आजोबांचं एकुलतं एक व्हायोलिन घरात होतं, आणि ते वाजवायची ती अक्का. संगीतशाळेनं तिला बोलावलंही होतं. पण लेकराला टाकून जायचं कुणाच्या भरवशावर? ती लाँड्रीत कामाला लागली, आणि संध्याकाळी त्याला मांडीवर घेऊन त्या इवल्या बोटांना एकेक तार दाखवू लागली… रोप तिनं लावलं, पाणी तिनं घातलं, आणि सावलीला जग बसलं. पुढं धाकटा मुलाखतींतून 'मला आपोआप आलं' म्हणू लागला, तेव्हाही ती हसून म्हणाली होती, चालता यायला लागलं की पोर बोट सोडतंच. तो होता तोवर तिनं ब्र काढला नाही. पण आता तो नव्हता; आणि शिष्यवृत्तीला वयाची अट घालायची भावजय विसरली होती. पिकल्या केसांची इस्त्रीवाली नणंद परीक्षेला उभी राहील, हे तिच्या स्वप्नातसुद्धा आलं नसणार!

अक्कानं पडदा झकास कडक करून दिला. आणि परीक्षेच्या सकाळी, व्हायोलिन काखेत मारून, त्याच पडद्याच्या आड जाऊन उभी राहिली.

दारावरच्या माणसानं बजावलं होतं, तोंडातून शब्द नको, चेहरा दिसता कामा नये. दिसला की बाद. अक्कानं मान डोलावली. गज तारेवर टेकला, आणि तिनं ती संथ धून सुरू केली, जी धाकट्यानं साऱ्या दुनियेला ऐकवली होती. सूर वर चढत गेले, पाण्यावरून वारा जावा तसे अलगद… आणि शेवटच्या उंच सुराआधी ती क्षणभर थांबली. मग तो सूर आला.

पडद्यापलीकडून भावजयीचा हुंदका ऐकू आला.

मास्तर म्हणाले, आता बाकीच्यांना ऐकायचं कशाला? जो कुणी आहे, तो त्यांची कला कोळून प्यायलाय. ती शेवटची उसंत… हुबेहूब त्यांचीच. वारस हवा होता ना तुम्हाला, हा घ्या वारस.

"वारस कसला," भावजय रडत म्हणाली, "ही त्यांची छायाच आहे."

अक्का जिंकली होती! पोरवयापासून उराशी जपलेलं ते शिकणं आता एका पडद्याच्या अंतरावर होतं. फक्त निकाल लागेपर्यंत गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहण्यात तिचा हात धरणारं होतं कोण? पण छाया हा शब्द तिच्या छातीत काट्यासारखा रुतला. नाही… आता नाही! तिनं पडदा बाजूला सारला आणि उजेडात आली.

"मी त्याची नक्कल करत नाही," ती म्हणाली. "तो माझी करायचा."

भावजय खुर्चीतून अर्धी उठली. आधी लाजेनं, मग संतापानं तिचा चेहरा लाल झाला. घरातल्या घरात शिष्यवृत्ती वाटून घेतली म्हणून लोक तोंडात शेण घालतील, ती म्हणाली. वर गेलेल्या माणसावर हा आळ! अक्कानं बाही मागं सारली आणि मनगट पुढं केलं. जुना चट्टा तिथं चामड्यासारखा चकाकत होता.

"इस्त्रीनं भाजलं होतं. गज परत फिरवताना कळ यायची, म्हणून मी तिथं थांबायची. तो मांडीवर बसलेला. त्याला वाटलं, गाणं असंच असतं."

भावजय परत खुर्चीत टेकली. मग ती पुटपुटली, "मला म्हणायचे, ही उसंत तुझ्यासाठी. तेवढ्यात तुझ्याकडे बघून घेतो… म्हणायचे."

अक्का भांडायलाच आली होती. पण समोर बसलेल्या त्या बाईचं तोंड एकाएकी हरवलेल्या पोरीसारखं झालं होतं, आणि धाकट्याला मांडीवर घेणारी ती माया, मेली, कुठं म्हणून मरते?

"बघत असेल गं," ती हळूच म्हणाली. "ती उसंत कशी आली, ते माझं. थांबून तो कुणाकडे बघायचा, ते तुझं. त्यात मी वाटा मागत नाही."

"मग मागताय तरी काय, अक्का?"

"शिकायचंय. मनगट कधीच बरं झालं, पण हात अजून तिथंच अडतो. एकदा तरी मला न थांबता वाजवायचंय."

मास्तर खाकरले. नियम तो नियम, ते खाली बघत म्हणाले. चेहरा दिसला, उमेदवार बाद.

"ठाऊक आहे की," अक्का म्हणाली. "नियम तुमचा, चेहरा माझा. दाखवायचा होता, दाखवला." आणि व्हायोलिन पेटीत ठेवायला ती खाली वाकली.

भावजयीनं टेबलावरची माहितीपत्रकं गोळा केली, दारावरच्या माणसाच्या हाती दिली, आणि सांगितलं, ही वाटायची नाहीत, नवी छापू. मग मास्तरांकडे वळून म्हणाली, यांना बाद करा, बाकीच्यांना ऐकू आपण, पण थोड्या वेळानं.

"अक्का, वाजवा. न थांबता."

"इथं? सूर फाटेल."

"फाटू दे. ऐकणारी मीच आहे ना?"

अक्कानं गज उचलला. धून चढत गेली, ती जागा जवळ आली, हात अडला, आणि तिनं त्या अडलेल्या हाताला हट्टानं पुढं रेटलं. जुनं कापड टरकावं तसा सूर टर्रकन फाटला… पण थांबला नाही! वेडावाकडा, ओबडधोबड, तो शेवटपर्यंत गेला.

मास्तरांनी डोळे मिटून घेतले होते. ते म्हणाले, बेसूर होतं, आणि उद्यापासून सकाळी माझ्या घरी या.

भावजयीचे गाल ओले झाले होते. "हे त्यांचं नव्हतं," ती म्हणाली.

"नाहीच. हे माझं. कच्चं आहे अजून."

"मग परत वाजवा," भावजय म्हणाली, आणि आपली खुर्ची उचलून अक्काच्या अगदी जवळ आणून बसली.