सात नंबरची खाट

मुनाफ सोफ्यावर नीट टेकलासुद्धा नव्हता. मूळचा दापोलीकडचा, इथे दम्माममध्ये एका ट्रेडिंग कंपनीत स्टोअरकीपर. हातातलं पत्र त्याने श्यामलापुढे धरलं.

"ताई, कंपनी म्हणते, बायको-मुलगी आल्यावरही मी फ्लॅटवर गेलोच नाही. फेब्रुवारीपासून कामगारांच्या कॅम्पातच झोपतो आणि वर घरभाडं भत्ता उकळतो! अकरा महिन्यांचे पैसे भर, नाहीतर नोकरी खलास."

नोकरी गेली की इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, गेला आणि इकामा गेला की सगळं बिऱ्हाड विमानात. त्याच्या मुलीची, उमामाची, दहावीची परीक्षा तर दीड महिन्यावर आली होती.

श्यामला पूर्वी बँकेत ऑडिटर होती. आता ओळखीच्यांची अडलेली प्रकरणं सोडवायची, तीही चहा पाजून. तिचा नवरा गिरीश तिचा ड्रायव्हर, हेर आणि हक्काचा मठ्ठ श्रोता.

"कॅम्पात तुमचं वाईट कोण चिंतेल?" तिने विचारलं.

"कोणी नाही हो. कॅम्पबॉस जमालुद्दीनभाई तर देवमाणूस. मी नवा आलो तेव्हा जागा नव्हती, तर स्वतःची खाट मला देऊन चार महिने जमिनीवर झोपले. आणि मी फ्लॅटवर राहत नाही म्हणजे काय? मार्चमध्ये रमजान होता, उमामाने पहिल्यांदा सगळे रोजे आमच्याबरोबर तिथेच धरले!"

दुसऱ्या दिवशी श्यामला गाडीत एसी लावून बसली आणि पुरुषांच्या कॅम्पात तिने गिरीशला पिटाळलं. तासाभराने तो घामाघूम होऊन आला.

"आधी ऑफिसात पगार बघणाऱ्या शारीकला भेटलो. तो म्हणतो, मी फक्त कॅम्पची यादी आणि भत्त्याची यादी जुळवली. मला तर तोच चोर वाटतो. फार गोड बोलतो."

"आणि जमालुद्दीन?"

"यादीवर बोट ठेवलं. खाट सात, मुनाफ. पण मुनाफची नोकरी जाणार म्हटल्यावर 'खरंच?' असं तीनदा विचारलं बिचाऱ्याने. मग मी खोली पाहिली. पंखा दुरुस्त करणारा वायरमन होता तिथे, चंदन नावाचा, भुसावळकडचा. मी सात नंबरवर टेकणार तोच ओरडला, खाटेचा डावा पाय लंगडा आहे, साहेब! भला माणूस. दोन महिन्यांपूर्वीच या कंपनीत लागलाय म्हणे."

"मेसच्या चिठ्ठ्या?"

गिरीशने मोबाइलवरचे फोटो दाखवले. "खाट सात, रोज दुपारचा डबा. अकरा महिन्यांत एक खाडा नाही, मार्चमध्येसुद्धा! आपला मुनाफ चक्क थापा मारतोय."

श्यामला खुदकन हसली. "किती गुणाचा आहेस रे तू!"

आपण काय गुण उधळले, हे काही गिरीशला कळलं नाही.

रविवारी एचआर मॅनेजर अदनानच्या केबिनमध्ये सगळे जमले. श्यामलाने चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या.

"अदनानभाई, रमजानात दुपारचा डबा कोणाला मिळतो?"

"ज्याचा रोजा नाही, त्याला. तोही चिठ्ठी दिली तरच."

"सात नंबरने महिनाभर चिठ्ठी दिली. मुनाफभाईंनी एकही रोजा सोडला नव्हता."

अदनान दचकला. "खरंय. रात्री तरावीहच्या नमाजला माझ्याच शेजारी उभा असायचा."

"म्हणजे त्या खाटेवर रोजे न धरणारा कोणीतरी होता. खाटेचा पाय लंगडा, हे न टेकता कोणाला कळेल? दोन महिन्यांपूर्वी आलेल्या वायरमनला त्या खाटेची एवढी सवय कशी? आणि नव्या माणसाला खाट देण्याची खोड इथे कोणाला आहे?"

जमालुद्दीन उठला.

"मीच, साहेब. या चंदनची जुनी कंपनी बुडाली, कॅम्पाला कुलूप लागलं. नव्या कफीलकडे, म्हणजे आपल्या कंपनीकडे, कागदोपत्री बदली व्हायला नऊ महिने गेले. मुनाफची खाट नुकतीच रिकामी झाली होती. नाव खोडलं असतं तर दुसरा कोणी आला असता. पुढे हा इथेच लागला, तरी यादी बदलायची राहूनच गेली. भत्त्याचं डोक्यातच आलं नाही."

"चोर सोडून संन्याशाला फाशी होत होती की!" गिरीश पुटपुटला.

"इथे चोरच नाही रे," श्यामला म्हणाली.

अदनानने पत्र फाडलं. "यादी आजच्या आज दुरुस्त करा. बाकी मी काही ऐकलं नाही."

चंदन मुनाफच्या पाया पडायला वाकला. "अकरा महिने तुमच्या नावावर झोपलो, भाई. तोंड आज पाहतोय. तुमचे उपकार..."

मुनाफने त्याला मध्येच धरलं आणि जमालुद्दीनपुढे उभं केलं.

"माझे कसले? चल, दोघं मिळून यांचेच मानू. पहिले चार महिने मीसुद्धा यांच्याच खाटेवर झोपलोय."