आतून लावलेले झरोके

तंबू गॅरेजमध्ये आहे, तो काही पळून जात नाही. तू आधी बूट काढ, बस आणि कॉफी घे. हा दिवा जवळ ओढते, हल्ली अंधार लवकर पडतो. गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला पहिल्यांदाच जाणार म्हणालास ना फोनवर? मग तंबू कसा लावायचा ते मीच सांगते. मलाही याच हिवाळ्याच्या सुरुवातीला शिकवलं एकाने. ते ऐक, आणि मग न्यायचा की नाही ते ठरव.

तंबू माझ्या नवऱ्याचा, वेंडेलचा. तो त्यातच गेला. जाहिरातीत हे लिहिलं नव्हतं, लिहिलं असतं तर तू आला असतास का? तोंड वाकडं करू नकोस, चांगला धुऊन ठेवलाय. एका सकाळी तो तंबूतल्या खुर्चीवर बसलेला सापडला. गळाची दोरी हातात होती आणि गळ सोडायला बर्फात पाडलेलं भोक पुन्हा गोठलं होतं. गॅसच्या शेगडीचा धूर कोंडून माणूस असा जातो, झोपल्यासारखा. तंबूला दोन झरोके असतात, एक दाराच्या वरच्या भागात आणि एक मागच्या भिंतीत. शेगडी पेटलेली असताना ते उघडे ठेवायचे, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. ते दोन्ही लावलेले होते, आतून, असं मर्लने शेरीफला सांगितलं.

मर्ल ऑस्टवेट म्हणजे वेंडेलचा शाळेपासूनचा जोडीदार. आदल्या संध्याकाळी दोघे तळ्यावर शेजारी शेजारी बसले होते, मर्ल आधी उठून आला. रात्री वेंडेल घरी आला नाही तेव्हा मला वाटलं, बसला असेल मर्लकडे पत्ते खेळत, नेहमीसारखा. सकाळी त्याला शोधायला गेला तोही मर्लच. शेरीफ पोचेपर्यंत त्याने वेंडेलला बाहेर काढून पांघरुणात गुंडाळलं होतं.

आता विचार कर. जन्मभर बर्फावर बसलेला माणूस झरोके चुकून लावत नाही. मग मुद्दाम लावायला कारण काय उरतं? उरते मी. माझी जीभ तिखट आहे, गावाला ठाऊक आहे. मातीनंतर चर्चच्या तळघरात हॅमचे पाव खाताना बायका कुजबुजत होत्या, सुटला बिचारा. मला ऐकू यावं इतक्याच हळू. मर्ल वर्षभर दर रविवारी माझ्याकडे जेवायला यायचा आणि ताट पुसून उठताना म्हणायचा, "तू मनाला लावून घेऊ नकोस, अर्डिस." मनाला लावून घ्यायचं कारण आहे, हे त्याने असं दर रविवारी पक्कं केलं.

वेंडेल गेला याचं दुःख मी केलं असतं. पण तो माझ्यामुळे गेला की नाही, हेच कळेना, आणि ते कळल्याशिवाय मला धड रडताही येईना. म्हणून या हिवाळ्यात तळं गोठताच मी मर्लला म्हटलं, मला तंबू लावायला शिकव. तो बसला तिथे मला बसून बघायचंय. मर्ल आढेवेढे घेत राहिला. गुडघा दुखतो म्हणाला, बर्फ अजून पातळ आहे म्हणाला. शेवटी नाही म्हणायला तोंड उरलं नाही तेव्हा आला.

दुपारी निघालो. तंबू घसरगाडीवर घडी करून बसवलेला असतो, तो ओढत न्यायचा. जागा ठरली की आधी गिरमिटाने भोकं पाडायची, भुसभुशीत बर्फ झाऱ्याने काढायचा, मग गाडी पुढे सरकवायची. गाडीतल्या खुर्चीवर बसून दांडे डोक्यावरून ओढले की कापड पलीकडे पडतं आणि तू आत. चारी कोपऱ्यांना स्क्रूसारखे खिळे बर्फात पिळायचे, नाहीतर वारा तुला तंबूसकट पलीकडच्या काठाला नेऊन टाकेल. आणि खाली जी कापडाची झालर असते तिच्यावर फावड्याने बर्फ लोटायचा, म्हणजे वारा आत शिरत नाही. वीतभर पुरे. "जास्त नको," मर्ल दोनदा म्हणाला. मीच लोटला आणि फावडं आत घेतलं, पायाखाली. हे लक्षात ठेव. तळ्यावर आमच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं आणि आमचं एकुलतं एक फावडं माझ्या पायाखाली होतं.

आत काळोख असतो. भोकातलं पाणी मात्र खालून हिरवं उजळलेलं दिसतं, कारण उजेड बर्फातून झिरपतो. बघत राहावंसं वाटतं. पेटलेल्या शेगडीच्या गॅसचा वास, ओल्या कापडाचा, गळाला लावायच्या छोट्या माशांचा, आणि त्या सगळ्यात वेंडेलच्या तंबाखूचा तो गोडूस वास. दोन पाण्यातून काढलं होतं कापड, तरी होताच. मी वर बघितलं. दोन्ही झरोके उघडे होते, त्यातून फिकट उजेड येत होता. ते विसरणं शक्यच नव्हतं. खुर्चीवरून मान वर केली की समोर तेच. म्हणजे त्याने जाणूनबुजूनच लावले.

तू बोलत नाहीस म्हणजे आज मासे लागणार, असं काहीतरी मर्ल बोलला. तेवढ्यात बाहेर आवाज आला.

खर्रर्र. बर्फात फावडं घुसल्याचा. मग धप्प, झालरीवर बर्फ पडल्याचा.

मर्ल हसला. बारमधलं कोणीतरी आलंय मस्करी करायला, म्हणाला, आणि त्याने आतून एक सणसणीत शिवी हासडली. मी विचारलं, कसली मस्करी? "अगं, जुना खेळ आहे आमचा. घरी जाताना दुसऱ्याच्या दाराशी बर्फ रचून ठेवायचा. मग तो आतून लाथा मारतो, शिव्या घालतो, आपण लांब उभं राहून ऐकायचं."

"तू आणि वेंडेलसुद्धा?"

"नेहमीच," तो म्हणाला. आणि मग त्याने दारातल्या झरोक्याकडे बघितलं.

खर्रर्र, धप्प. आता मागच्या बाजूला. प्रत्येक फावड्यानंतर फावड्याच्या पाठीने दोन थापा, थप थप. आमच्या अंगणातला बर्फ काढताना वेंडेल ढिगाला तशाच दोन थापा मारायचा. स्वयंपाकघरात उभी राहून मी आयुष्यभर त्या ऐकल्यात. मर्लनेही ऐकल्या असणार, त्याचं तोंड उतरलं.

मागचा झरोका आधी काळा झाला. मग दारातला, हळूहळू, खालून वर भरत जाणाऱ्या बादलीसारखा. मर्ल दाराची चेन ओढायला लागला, ती हलेना. त्याने खांदा लावला. कापडाच्या पलीकडे भिंत असावी तसं दार घट्ट. मी शेगडीची कळ बंद केली. कळ फिरली पण ज्योत विझली नाही, उलट पिवळी पडून वाढली. डोक्यात घण पडायला लागले.

मी हाक मारली. "वेंडेल... मी आहे आत. अर्डिस."

फावडं थांबलं.

भोकातलं पाणी हलताना ऐकू यावं इतकं शांत झालं. मला वाटलं, झालं, ओळखलं त्याने. आणि मग... खर्रर्र. पहिल्यापेक्षा सावकाश. धप्प. थप थप.

मर्ल गुडघ्यांवर बसला, दाराकडे तोंड करून. माझ्याशी बोललाच नाही तो. "मी गंमत केली होती रे," तो कापडाला म्हणाला. "दारावर रचला, झरोक्यापर्यंत. मागेही रचला. तू शिव्या घालशील म्हणून उभा होतो... तू झोपला होतास, मला काय माहीत. थंडी वाजली म्हणून गेलो. सकाळी येऊन उपसला सगळा, कोणी बघायच्या आत. झरोके मी लावले. तू गेल्यावर लावले... मी लावले, वेंडेल."

बाहेर काहीतरी ढासळलं. दारातून रेघेएवढा उजेड आला आणि ज्योत आपोआप विझली. चेन लोण्यासारखी उघडली. आम्ही रांगत बाहेर आलो. तंबूभोवती छातीएवढा बर्फ होता, दाराकडचा तेवढा कोसळलेला, आणि बाकीच्या ढिगावर जागोजाग फावड्याच्या पाठीचे गुळगुळीत चौकोन. अजून पुरतं मावळलं नव्हतं, नीट दिसत होतं. तळ्यावर पावलं होती ती आमच्या दोघांचीच, काठावरून येणारी.

मी तिथेच खाली बसले आणि रडले. भीतीने नाही. तो माझ्यामुळे गेला नव्हता. वर्षभर छातीवर ठेवलेला धोंडा उतरला, आणि मग मर्लचा राग उसळला. माझ्या टेबलावर जेवायचा हा माणूस. मी त्याला म्हटलं, चल, हे आत्ताच्या आत्ता बारमध्ये सगळ्यांसमोर सांग. तो हो म्हणाला. पण काठाला लागेपर्यंत त्याचा रंग परत आला होता. "कसलं सांगणं? गॅस चढला आपल्याला, अर्डिस. तुला काहीबाही ऐकू आलं," म्हणाला. बर्फ वाऱ्याने साचला, असंही म्हणाला. गावाने त्याचंच खरं मानलं. नवऱ्याला खाल्लं ते खाल्लं, आता त्याच्या मित्रावर ढकलते, हे मी दुकानात रांगेत उभी असताना माझ्या पाठीमागे बोलले लोक.

दुसऱ्या दिवसापासून मर्लचं दार सकाळी उघडेनासं झालं. बाहेरून बर्फ रचलेला, चौकटीच्या वरपर्यंत, थापून गुळगुळीत केलेला. रात्री बर्फ पडो न पडो. खिडकीतून उतरून त्याला तो उपसावा लागायचा. गाव म्हणालं, अर्डिस करते. या वयात, या कंबरेने, दारभर बर्फ! शेरीफ मला समज द्यायलासुद्धा आला होता. मी त्याला कॉफी दिली. मला आनंद होत होता, खोटं कशाला बोलू. कबुली दिल्याशिवाय सुटणार नाही हा, असं मी रोज मनात म्हणायचे.

पण मर्लने कबुली दिली नाही. तो बहिणीकडे ॲरिझोनाला गेला, कायमचा. तिथे बर्फच पडत नाही. बर्फ नाही म्हटल्यावर फावडं काय करणार?

तंबू विकायचं कारण तेच. मर्ल गेला त्याच आठवड्यात माझ्याकडे सुरू झालं. दाराशी नाही. माझ्या तळघरात गॅसची भट्टी आहे, घर गरम ठेवायला, तिच्या धुराचा पाइप मागच्या भिंतीतून बाहेर निघतो. त्याच्या तोंडात बर्फ ठासलेला असतो. वर दोन थापांच्या खुणा. मी उपसते, तो पुन्हा ठासतो. मर्लला काय कबूल करायचं ते ठाऊक तरी होतं. मी इतक्या वर्षांचा संसार आठवून आठवून रोज एकेक गोष्ट त्या भिंतीला सांगतेय. त्याच्या आईला बोलले ते सांगितलं. त्याचा कुत्रा देऊन टाकला ते सांगितलं. पाइप काही मोकळा राहत नाही. तंबू घरातून गेला तर थांबेल, अशी आशा आहे. तेवढीच आहे.

डोकं दुखतंय का तुझं? मघापासून कपाळ दाबतोयस. प्रवासाने असेल.

एक काम कर. बूट घाल आणि मागे जाऊन पाइप बघून ये, मला हाक मारून सांग. तू येण्याआधी मी तो साफ केलाय, स्वतःच्या हाताने. आणि दार जरा जोर लावून ढकल, थंडीत अडकतं कधीकधी.