घाम न फुटलेला बर्फ

सलाइन लटकवायचा स्टँड वॉर्डात शिल्लक नव्हता. मागच्या बंद वॉर्डात चार-पाच पडलेत, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि किल्ली घेऊन आत्या निघाली. याच दवाखान्यात ती मुलांना लसी टोचायची. पण आज ती नुसती चिमणीची आत्या होती. सात महिन्यांची भाची तापाने फणफणली होती. मान लाकडासारखी ताठ, आणि मणक्यातून काढलेलं पाणी चुना कालवल्यासारखं गढूळ.

दारात धाकट्या भावाने, चिमणीच्या बापाने, अडवलं. “लसीचे तिन्ही डोस तूच दिलेस ना, ताई?”

“मीच दिले.”

“मग हे काय आहे?”

तिला भावाचा राग आला, आणि तो विचारतोय ते बरोबर आहे याचा त्याहून जास्त आला.

ती शिकाऊ होती तेव्हा मागच्या वॉर्डात एकेका खाटेवर दोन-दोन मुलं असायची. मेंदूज्वर झालेलं मूल वेगळंच रडतं, बारीक, तार ताणल्यासारखं. मग लस आली, आणि बघता बघता खाटा रिकाम्या झाल्या. वॉर्डाला कुलूप लागलं त्या दिवशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

कुलूप कुरकुरत उघडलं. दुपारचं ऊन काचांवरच्या धुळीतच अडकून पडलं होतं. फिनेलचा शिळा वास, आणि त्याच्या खाली दुसरा... तापलेल्या लहान अंगाचा. रचलेल्या खाटांमागे स्टँड दिसले. ती हात घालणार, तेवढ्यात कोपऱ्यात काहीतरी हललं.

शेवटच्या खाटेपाशी स्टुलावर एक बाई बसली होती. खाट रिकामी. बाईने बर्फाचा पॅक कानाशी धरला होता आणि ती तो हलवून बघत होती.

ही हालचाल आत्याच्या रोजच्या सवयीची होती. लसीच्या डब्यात ठेवायचे पॅक आधी बाहेर काढून ठेवतात. वरून घाम फुटला, हलवल्यावर आत पाणी डुचमळलं, की मगच डब्यात घालायचे. कडक बर्फ लागला तर लस गोठते, आणि एकदा गोठली की ती नुसतं पाणी. बाटली तशीच दिसते, बाळ तसंच रडतं, आई तशीच निश्चिंत होऊन घरी जाते.

“आवाज येत नाही...” बाई म्हणाली.

“कोण तुम्ही? आत कशा आलात?”

“माझं मूल इथेच होतं. या खाटेवर.” बाईने मान वर केली नाही. “आमच्या वेळी ही लस नव्हतीच. कुणाच्या नावाने बोटं मोडणार? पण तुमच्याकडे तर होती...”

ती ओरडली नाही. तरी त्या आवाजातल्या संतापाने आत्याचे पाय मागे सरले.

“घे. ऐक.”

पॅक हातात आला तसा तळवा भाजल्यासारखा झोंबला. आत्याने तो कानाशी हलवला. आत काहीच हललं नाही. तिने वर पाहिलं, तर स्टूल रिकामं होतं, आणि त्याच्यावरची धूळ जशीच्या तशी.

मग तिला आठवलं. मागच्या वर्षापासून डबे शीतगृहातून पॅक आत भरून, चिकटपट्टी मारूनच येत होते. कानाशी पॅक धरायची सवय कधी सुटली, ते तिला कळलंही नव्हतं.

तिने आधी स्टँड नेऊन चिमणीच्या उशाशी लावला. मग तो पॅक हातात घेऊनच ती खाली शीतगृहात गेली. तिथल्या म्हाताऱ्याला सगळे बर्फवाले काका म्हणायचे.

“काका, पॅकना घाम फुटू देता?”

“द्यायचो की. पण त्यात सकाळ जाते. मोठे साहेब म्हणाले, बर्फ जितका कडक तितकी लस ताजी, गाड्या वेळेवर सोडा.”

“आणि तुम्ही मान डोलावलीत.”

“तू तरी डबा उघडल्यावर पॅक हलवून पाहिलास का, सिस्टर?”

ते तिला चाबकासारखं लागलं. “नाही पाहिलं. ते मी सगळ्यांसमोर सांगेन, तुम्हीही सांगा. आधी सगळीकडे फोन लावा. आजचा एकही डबा वापरायचा नाही.”

“साहेब चिडतील.”

“चिडू देत. माझी पोर वर आचके देतेय. म्हणावं, या वर, आणि तिची मान वळवून दाखवा.”

काकांनी फोन लावला. ठेवताना त्यांची नजर तिच्या हाताकडे गेली. “हा कुठला पॅक? असे मी नोकरीला लागलो तेव्हा असायचे...”

चिमणी वाचली. साहेबांनी ‘चौकशी करू’ म्हणून सांगितलं आणि चहा मागवला. आत्या घरोघर जाऊन मुलांना पुन्हा लस टोचत राहिली. पुन्हा का, हे प्रत्येक आईला सांगायची, आणि शिव्या मान खाली घालून ऐकून घ्यायची.

चिमणीला मात्र त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. मागे टाळी वाजवा, खुळखुळा वाजवा, ती वळायची नाही. दोन्ही कान गेले, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. भाऊ बहिणीला दार उघडायचा, पण बोलायचा नाही.

साहेबांच्या टेबलावर आपटायचा म्हणून तो पॅक आत्याने पिशवीत ठेवला होता. महिना उलटला तरी तो दगडासारखा कडक होता, आणि वरून कोरडा ठणठणीत. एका दुपारी चिमणी तिच्याकडे पाठ करून जमिनीवर खेळत होती. आत्याने पॅक बाहेर काढला आणि कानाशी हलवला. काहीच वाजलं नाही.

चिमणीने झटकन मान वळवली, आणि कुणीतरी हाक मारतंय तशी ऐकत राहिली.