चार तारांचा मालक

काम आलं की तपासनीस बाई आपल्या दिराला बोलावत. त्या त्याला भाऊजी म्हणत, तो त्यांना वहिनी; आपणही तेच म्हणू. भाऊजींची बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. घर खायला उठायचं. डोकं फारसं धावत नसलं तरी त्यांचे पाय धावायचे, आणि बोलावणं आलं की ते चहा अर्धा टाकून निघायचे.

त्या दुपारी बोलावणं होतं वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराचं. गल्ली पुढे भिंत घालून बंद केलेली, आणि त्या भिंतीला लागून शेवटचं दार त्याच्या दुकानाचं. आत सरसाचा वास होता. टेबलावर जाड कापड अंथरून त्यावर एक जुनी विजेची बास गिटार ठेवली होती. चार जाड तारा. तारांखाली खोडावर बसवलेली काळी पट्टी आरशासारखी नितळ. खोडाच्या वरच्या कडेचा रंग मात्र हात टेकून टेकून पार उडालेला.

बंद पडलेल्या एका हॉटेलच्या अडगळीत ती सापडली, असं कारागिरानं सांगितलं. चार महिने तो तिच्यावर खपला होता. वाकलेली मान आतली सळई पिळून सरळ केली, गंज काढला. आवाजाच्या बटणाखाली तारेचा डाख सुटला होता, तोही नव्यानं दिला. "कित्येक वर्षं तशीच वाजवलीय ही. बटण दाबून धरलं तरच आवाज यायचा. बघा, एका बाजूनं कसं झिजलंय."

महिनाअखेर तो दुकान बंद करणार होता. हात कापायला लागले होते. "हे माझं शेवटचं काम. ज्याची आहे त्याच्याच हातात जायला हवी. भलत्याला दिली तर मला चैन पडायचं नाही."

सहा आठवडे तो दर गुरुवारी वर्तमानपत्रात जाहिरात देत होता. तिघं येऊन गेले. एका व्यापाऱ्यानं माझी म्हणून सांगितलं, एका बाईनं नवऱ्याची म्हणून सांगितलं. तिसऱ्या म्हाताऱ्यानं गिटार मांडीवर घेतली, करंगळी बटणावर टेकवून दोन सूर छेडले आणि म्हणाला, माझी नव्हे.

"मग प्रश्न दोघांचाच," भाऊजी म्हणाले.

वहिनींनी मात्र तिघांचेही पत्ते घेतले.

व्यापाऱ्याला बोलायला सांगावं लागत नव्हतं. दहा वर्षं हीच वाजवली, तीही नखीनं. बोटांनी आपल्याला जमतच नाही, असं त्यानं छातीठोक सांगितलं. बाईनं पिशवीतून नवऱ्याचा फोटो काढला आणि डोळे पुसले. डावखुरा होता, म्हणाली. जेवायचा डाव्यानं, वाजवायचाही डाव्यानं. त्याची गिटार कुठे गेली ते तिला कधीच कळलं नव्हतं.

म्हाताऱ्याच्या खोलीत खुर्ची एकच. ती त्यानं वहिनींना दिली आणि स्वतः पलंगाच्या कडेवर बसला. त्या गल्लीतून पलीकडे चाललो होतो, सहज डोकावलो, असं तो म्हणाला. मग त्यानंच चौकशी सुरू केली. आणखी कोण कोण आलं होतं? वयानं केवढे? कुणी बसल्या बसल्या बोटांनी टेबल वाजवत होतं का?

नाही म्हटल्यावरही त्यानं तेच पुन्हा विचारलं. बिचाऱ्याला बोलायला माणूस हवंय, असं भाऊजींच्या मनात आलं. ते दुखणं त्यांना चांगलं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनींनी तिघांनाही दुकानात बोलावलं.

"नखीनं दहा वर्षं वाजवलं, तर या पट्टीवर ओरखडे हवेत," त्या व्यापाऱ्याला म्हणाल्या. "एकही नाही." व्यापाऱ्यानं घड्याळ पाहिलं आणि काम आठवल्यासारखा निघून गेला.

बाईशी त्या हळू बोलल्या. डावखुरा माणूस गिटार उलटी धरतो. मग झीज दुसऱ्या कडेला यायला हवी होती. बाई म्हणाली, मला वाटलंच होतं, तरी बघून जावं म्हटलं. ती तिथेच बसून राहिली.

"आता तुम्ही," वहिनी म्हाताऱ्याकडे वळल्या. "बटण दुरुस्त झालं होतं. तरी गिटार हातात घेताच तुमची करंगळी त्याच्यावर गेली. ही सवय या एकाच गिटारची. आणि गल्ली पुढे बंद आहे. तिथून पलीकडे कुणी जात नाही."

"मग ते 'माझी नव्हे' असं का म्हणाले?" भाऊजींना राहवलं नाही.

"कारण मालक सापडला की जाहिरात थांबते. यांना गिटार नको होती, भाऊजी. यांना जाहिरात चालू राहायला हवी होती. टेबल वाजवणारा कुणीतरी ती वाचून येईल म्हणून."

म्हाताऱ्यानं मान डोलावली.

"आम्ही चौघं त्या हॉटेलात वाजवायचो," तो म्हणाला. "मी नाव-पत्ता घालून दोनदा जाहिरात दिली होती. दोघं गेल्याचं तेव्हा कळलं. ड्रमवाला आला नाही. त्याचं नि माझं फाटलं होतं. त्याच दिवशी ही हॉटेलात टाकून मी निघून आलो. माझ्यासाठी तो यायचा नाही. हिच्यासाठी येईल, असं वाटलं."

भाऊजींना त्याचं फार वाईट वाटलं, आणि थोडं स्वतःचंही. कारागीर म्हणाला, दुकान बंद झालं तरी जाहिरात मी चालवीन, राहतो मी मागच्याच खोलीत.

"चालवा, पण मजकूर बदला," वहिनी म्हणाल्या. "चूक कुणाची होती?"

म्हाताऱ्यानं गिटारच्या झिजलेल्या कडेवरून हात फिरवला.

"माझी."

"हे आधीच्या जाहिरातीत लिहिलं होतं?"

त्यानं कारागिराची पेन्सिल उचलली, एक ओळ लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली.

संध्याकाळी भाऊजी ती चिठ्ठी घेऊन वर्तमानपत्राच्या कचेरीत गेले. कारकुनानं वाचली: 'गिटार मिळाली. चूक माझी होती. ये.' खाली दुकानाचा पत्ता होता. किती आठवडे छापायची, त्यानं विचारलं.

ते विचारायचं भाऊजींकडून राहूनच गेलं होतं. त्यांनी थोडा विचार केला आणि सांगितलं, तो येईपर्यंत.